बारवेतल्या सत्तावीस घंटा

गावातल्या सत्तावीस ढोरांच्या गळ्यातल्या घंटा मी सोडून आणल्या आणि गावाबाहेरच्या ओसाड बारवेत टांगल्या. परिणामी एका बाईची दिवस भरलेली म्हैस हरवली. हे मी शहाणपणाच्या भरात केलं, दारूच्या नाही, एवढं सुरुवातीलाच सांगून ठेवतो. कारण गावात दोन्ही मतं होती.

बहात्तरचा दुष्काळ सरून तीनेक वर्षं झाली होती. जालना जिल्हा अजून व्हायचा होता, आमचा भोकरदन तालुका तेव्हा औरंगाबादेत मोडायचा. गणपतीच्या राजूरपासून पायी तासाभरावरच्या एका गावात मी चित्रकलेचा मास्तर म्हणून लागलो होतो. मूळचा मी वाटूरकडचा, शेतकऱ्याच्या घरातला. म्हणजे ढोरांतलं मला काही कळत नव्हतं, अशी सबब मला नाही. वडिलांच्या दावणीला सहा ढोरं होती. पण औरंगाबादेत दोन वर्षं चित्रकलेचा कोर्स केला की माणूस दावण विसरतो. मी तर दोन महिन्यांतच विसरलो होतो.

तिथल्या वाचनालयात मला एक इंग्रजी मासिक सापडलं होतं. त्याचं कव्हर कुणीतरी आधीच पळवलेलं. आत एका दाढीवाल्या कलावंताचा फोटो होता. त्यानं कुठल्याशा बंद पडलेल्या कारखान्यात लोखंडी नळ्या टांगल्या होत्या आणि खाली चार ओळी होत्या. डिक्शनरी घेऊन बसल्यावर कळलं ते असं, की कुंभार जशी माती वापरतो तसा हा गृहस्थ आवाज वापरतो, आणि त्याची कलाकृती त्या जागेपुरतीच असते. तिथून उचलून दुसरीकडं नेली की ती भंगार. चारांतल्या अडीच ओळी मला कळल्या. उरलेल्या दीड ओळीत बहुधा सावधगिरीच्या सूचना असाव्यात.

गावची बारव मला सापडली ती शिंकेमुळं. चौकोनी, दगडी, एका अंगानं खाली उतरत गेलेल्या पायऱ्या, भिंतीत कोनाडे, तळाशी कमरेएवढं हिरवं पाणी. दुष्काळात ती आटली, तेव्हा गावानं पलीकडं नवी विहीर खोदली, त्यावर इंजिन बसवलं, आणि बारवेकडं जाणं सोडून दिलं. मी कोनाड्याचं स्केच काढायला उतरलो होतो. शिंक आली. बारवेनं मला तीन शिंका परत दिल्या, आणि तिन्ही माझ्या शिंकेपेक्षा दमदार होत्या. तिथंच तो दाढीवाला आठवला.

मग मी रोज शाळा सुटल्यावर बारवेत उतरू लागलो. टाळ्या वाजव, खडा टाक, शीळ घाल. तिसऱ्या पायरीवर टाळी कोरडी ऐकू यायची, नवव्या पायरीवर तीच टाळी ओली होऊन यायची. वहीत मी 'कोरडी टाळी, ओली टाळी' अशा नोंदी ठेवत होतो. पंधरा दिवसांनी हेडमास्तरांनी मला बाजूला घेतलं आणि घरी सगळं ठीक आहे ना, स्थळं बघायला सुरुवात केली का, अशी मायेनं चौकशी केली. बारवेत एकट्यानं टाळ्या पिटणाऱ्या माणसावर त्यांना एवढा एकच इलाज माहीत होता.

पहिल्यांदा मी गोडेतेलाचे डबे टांगून पाहिले. सायकलवरून भांडीवाला पडावा तसा आवाज झाला. ते काढले. आणि त्याच दिवशी संध्याकाळी गायरानावरून गुरं परत येताना दिसली. दिसली म्हणण्यापेक्षा ऐकू आली. पितळेच्या घंटा, लोखंडाच्या घंटा, एकदोन लाकडाच्या, पुढं बारीक, मागं जाड. मी रस्त्याच्या कडेला उभा राहून धूळ खात होतो आणि मनात म्हणत होतो, सापडलं साहित्य.

साहित्य दुसऱ्याच्या गळ्यात आहे, ही बाब मला किरकोळ वाटली.

गावाची गुरं चारायला एक म्हातारा गुराखी होता. साठी उलटलेली, नजर मंदावलेली. ढोरं तो डोळ्यांनी कमी आणि कानांनी जास्त राखायचा. आधी त्याच्याकडं गेलो. माझं सगळं व्याख्यान त्यानं तंबाखू मळत ऐकून घेतलं आणि मग म्हणाला, "गुर्जी, घंटा ढोराची नसती. मही असती. ढोराला ठाऊकच असतंय आपुन कुठं हाव. मला ठाऊक पायजे."

घंटा ढोराची नाही, गुराख्याची, हे वाक्य मला इतकं आवडलं की मी ते तिथंच वहीत उतरवून घेतलं. त्याचा अर्थ नकार असा होता, हे मात्र लक्षात घेतलं नाही.

कारण तोवर माझ्या हाती एक शब्द लागला होता: साहेब. शाळा तपासायला तालुक्याहून विस्तार अधिकारी यायचे होते, आणि त्यांना काहीतरी नवीन दाखवा असं हेडमास्तर आठवडाभर सगळ्यांना सांगत होते. मी घरोघर जाऊन सांगितलं, साहेब येणार आहेत, दोन दिवस घंटा पाहिजेत. लोकांनी मुकाट्यानं दिल्या. साहेब ढोरांची मोजणी करणार अशी हूल उठली होती, हे मला फार नंतर कळलं. तिघांनी तर आपल्याकडं आहेत त्यापेक्षा कमी ढोरं सांगितली, म्हणून घंटा सत्तावीसच भरल्या.

सत्ताविसावी घंटा बौद्धवाड्यातल्या एका बाईच्या म्हशीची. नवरा गेलेला, मुलगी लग्न होऊन सासरी, आणि बाई रोजंदारीवर. दुष्काळात रस्त्याच्या कामावर तिनं खडी फोडली होती, पोटाला चिमटा घेत दोन वर्षं काढली होती आणि ही म्हैस केली होती. तिच्या घरात बांधलेली ही पहिलीच म्हैस, आणि म्हशीचंही हे पहिलंच वेत. नीट व्याली असती तर बाईला रोज पहाटे दुसऱ्याच्या बांधावर जाऊन उभं राहावं लागणार नव्हतं. हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. मलाही होतं. तिनं दारातच मला म्हटलं:

"गुर्जी, म्हस दिवसावर हाये. कव्हा बी बसंल. गायरानाच्या भवताली जवारी उभी हाये पुरुषभर. घंटा न्हाई म्हणल्यावर ती सापडंल कशी?"

मी म्हणालो, "मावशी, दोनच दिवस. परवा संध्याकाळी मी स्वतः येऊन बांधतो."

"बराबर?"

"बिलकुल."

मास्तरचा शब्द होता. म्हशीच्या मानेखाली हात घालून तिनं घंटा सोडली आणि पदरानं पुसून माझ्या हातात दिली. लोखंडी, एका बाजूनं चिरलेली, ठडक्-ठडक् वाजणारी. अख्ख्या ढिगात मला तीच आवडली. बाकीच्या सगळ्या गोड होत्या, हिला स्वभाव होता. मी तिला मध्यभागी, सगळ्यांत खाली, पाण्याच्या वर हातभर अंतरावर जागा दिली. रचनेचा प्राण वगैरे म्हणून.

टांगायला एक अख्खा दिवस गेला. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत दोऱ्या, दोऱ्यांना घंटा, आणि सगळ्या दोऱ्या मधल्या एका जाड सोलाला, म्हणजे दोरखंडाला, बांधलेल्या. काम झालं, मी काठावर येऊन बसलो आणि ऐकू लागलो. काहीच ऐकू येईना. तासभर बसलो. वर काठावरच्या कडुलिंबाचा पाला सळसळत होता, खाली सत्तावीस घंटा मढ्यासारख्या लोंबत होत्या. वारा बारवेत उतरत नाही, हे लहान मुलालाही कळतं. मला ते संध्याकाळी साडेसहाला कळलं.

मग मी खोलीवर जाऊन पलंगावरची चादर आणली. काठावर दोन बांबू रोवले, चादर शिडासारखी ताणली आणि तिच्यापासून दोर खाली मधल्या सोलाला जोडला. आता वाऱ्यानं चादर फुगली की सोल ओढला जायचा आणि सगळ्या घंटा हलायच्या. दुसऱ्या दिवशी दुपारी वारा सुटला आणि बारव वाजायला लागली.

हे मात्र थट्टेत सांगत नाही. तो आवाज खरंच चांगला होता. घंटा एकमेकींच्या आधी आणि मागून वाजत, भिंती तो आवाज घेत, पाणी तो घेत, आणि काठावर येईपर्यंत सत्तावीस ढोरांचा एक अख्खा कळप जमिनीच्या पोटातून चालत येतोय असं वाटायचं. दोन शेतांपलीकडं ऐकू जायचा. मी एकटाच ऐकत बसलो होतो आणि दाढीवाल्याला मनातल्या मनात बरोबरीचा समजत होतो. रात्री उघड्या पलंगावर थंडीनं कुडकुडलो तेही अभिमानानं.

तिसऱ्या दिवशी साहेब येणार. मी सकाळपासून बारवेवर. रांगोळी, नारळ, हेडमास्तरांच्या घरचं टेबल. दहाच्या सुमाराला गुराखी सगळी ढोरं घेऊन परत आला. ढोरं कधी दहाला परत येत नाहीत. म्हणाला, पहाटेपासून एकही ढोर नीट चरलेलं नाही, सगळी गावाकडं तोंडं करून कान उभारून उभी होती. आणि त्या गडबडीत बाईची म्हैस निघून गेली. कुठं ते माहीत नाही. एवढं सांगून तो उरलेली ढोरं हाकत गावात गेला. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

बाई कापूस वेचायला गेली होती. तिला निरोप गेला तशी ती धावतच आली. ओटीत कापूस तसाच. तिचं सगळं लक्ष ज्वारीवर होतं. डोंगराच्या अंगाला लांडगे होते, हे तिलाही माहीत होतं आणि मलाही. पहिलारू म्हैस एकटीच कुठं ज्वारीत बसली, पिलू अडलं किंवा झालं आणि लांडग्यांनी नेलं, तर दोन वर्षांची खडी फुकट. ती एका अंगानं शिरली, मी दुसऱ्या.

मी शोधायला गेलो असं म्हणतो, ती म्हणायची पद्धत. पाच मिनिटांत मीच हरवलो. ज्वारी डोक्याच्या वर, दिशा कळेना, पानांनी गाल कापलेले. त्यात हाक काय मारायची हा प्रश्न. म्हशीला नाव असतं तर मला ते माहीत नव्हतं, म्हणून मी "ए म्हैस, ए म्हैस" असं ओरडत होतो. एक बुजगावणं मला लागलं. दहा मिनिटांनी पुन्हा तेच. तिसऱ्यांदा समोर आलं तेव्हा त्याच्या मडक्याच्या तोंडावर मला स्पष्ट तुच्छता दिसली.

मी मटकन बसलो. आणि बसल्यावर ऐकू आलं. उजव्या अंगानं, बारीक, पण पक्कं. वारा सुटला होता आणि बारव वाजत होती. आता दिशा मिळाली. आवाजाकडं तोंड करून मी ज्वारीची ताटं बाजूला सारत निघालो, बांधावर आलो, आणि बांधावर ताजं शेण. पुढं मऊ मातीत खुरं उमटलेली. त्यांचंही तोंड आवाजाकडंच होतं. बाईला मी मोठ्यानं हाक दिली, बारवेकडं या म्हणून, आणि पळत सुटलो.

बारवेच्या काठावर जीप उभी होती. साहेब, हेडमास्तर आणि गावचे दहाबारा जण खाली वाकून बघत होते. खाली माझ्या सत्तावीस घंटा वाजत होत्या आणि त्यांच्या बरोबर मधोमध, पोटापर्यंत पाण्यात, म्हैस उभी होती. तिचीच चिरलेली घंटा तिच्या शिंगांपाशी ठडकत होती. हेडमास्तर साहेबांना समजावून सांगत होते की म्हैस हा योजनेचाच भाग आहे, त्यातून आपलं ग्रामीण जीवन दिसतं. साहेब मान डोलावत होते.

गुराखी माझ्या आधीच पोचला होता. त्याला सगळं कळलं होतं. गायरानावर घंटा नाहीत, कळप कुठं आहे ते म्हशीला कळेना. लांबून कळप ऐकू आला, तशी ती आवाजामागं चालत पायऱ्या उतरून गेली. कळपाऐवजी तिला तिथं माझी कला भेटली. पण तो भलतीकडंच बघत होता. म्हशीची शेपटी वर होती, पाठ वाकलेली होती. "पान्यात व्याली तं पिलू बुडंल," तो म्हणाला. "काढा तिला. जल्दी."

मी धावत उतरलो. शेवटून दुसऱ्या पायरीवर शेवाळ होतं, त्यामुळं शेवटची पायरी मी पायानं उतरलोच नाही. कमरेएवढ्या पाण्यात उठून मी म्हशीचं शिंग धरलं आणि ओढलं. मग कान धरला. मग मागून ढकललं. तिनं एकदा मान वळवून बघितलं आणि पुन्हा आपल्या कामाला लागली. आणखी दोघं उतरले, त्यांनाही ती जुमानेना.

तेवढ्यात बाई आली. धावत आली आणि वरच्या पायरीवर थांबली.

का थांबली ते समजायला मला पाण्यात उभं राहून एक क्षण लागला. वर उभ्या असलेल्यांना तेवढाही लागला नसावा. बारवेत पाणी होतं, गाव तिच्यावर जगत होतं, तेव्हा बौद्धवाड्यातल्या बायका याच पायरीवर घागर ठेवून उभ्या राहायच्या. कुणाला दया आली की वरून पाणी ओतलं जायचं. खाली त्या कधी उतरल्या नव्हत्या. आणि मी सगळ्या गावाला 'बारवेत येऊन ऐका' असं आमंत्रण देत फिरलो होतो, तिलाही दिलं होतं. तेव्हा ती नुसती हसली होती.

कुणी या म्हणालं नाही, कुणी नको म्हणालं नाही. बाईनं ओटीतला कापूस काठावर ठेवला, लुगड्याचा ओचा खोचला आणि उतरली. शेवाळाची पायरी तिनं बघून ओलांडली. पाण्यात शिरून म्हशीच्या कपाळावर एकदा हात ठेवला, हात लांबवून आपली घंटा धरली आणि हिसका दिला.

सगळ्या दोऱ्या मी मधल्या सोलाला बांधल्या होत्या हे मघाशी सांगितलं. गाठही कोर्समध्ये शिकलेली, शोभेची. ती सुटली. एकामागून एक सव्वीस घंटा पाण्यात आल्या, वरचा बांबू वाकला, आणि माझी चादर सावकाश तरंगत येऊन माझ्याच डोक्यावर बसली. चादरीच्या आत असल्यामुळं पुढचं मी पाहिलं कमी आणि ऐकलं जास्त. ठडक्-ठडक्, एकच घंटा, पायरी-पायरीनं वर चाललेली. मागं म्हशीची खुरं. बाई उलट्या पावली घंटा वाजवत चढत होती आणि म्हैस तिच्यामागं. कुणी ओढत नव्हतं, कुणी ढकलत नव्हतं.

मी चादरीतून सुटून वर आलो तोवर म्हैस लिंबाखाली आडवी झाली होती. सगळे दूर सरले. गुराखी आणि बाई, दोघंच जवळ. थोड्या वेळानं गुराख्यानं हात धुवायला पाणी मागितलं आणि सांगितलं, वगार झाली. वगार म्हणजे म्हशीची मुलगी. उद्याची दुसरी म्हैस. बाई तिचं नाक पुसत होती. साहेबांनी टेबलावरचा नारळ स्वतःच फोडला आणि शेरेबुकात लिहिलं की या शाळेतील चित्रकला शिक्षक पशुसंवर्धनात विशेष रस घेतात. पुढं तीन वर्षं मला गुरांच्या लसीकरणाच्या बैठकांना बोलावणी येत होती.

संध्याकाळी घंटा परत करायच्या होत्या. कोणती कुणाची याचा मी सुंदर रंगीत तक्ता केला होता. तो माझ्या खिशात होता आणि खिसा माझ्यासोबत पाण्यात गेला होता. पुसट निळा लगदा उरला होता. गुराखी पारावर बसला, पाठ माझ्याकडं. मी एकेक घंटा वाजवायची, आणि त्यानं मान न वळवता सांगायचं: पाटलाची तांबडी, सुताराचा डावा बैल, शेवटच्या घराची बांडी गाय. सव्वीसच्या सव्वीस. एकदा त्याची परीक्षा घ्यावी म्हणून मी तीच घंटा पुन्हा वाजवली. तो म्हणाला, ही झाली, पुढची घ्या, मला घरी जायचंय.

पाच दिवसांनी बाई शाळेत आली. हातात झाकलेला गडू. नव्या व्यालेल्या म्हशीचा चीक चार घरी द्यायची रीत आहे, त्यातलं एक घर तिनं मला धरलं होतं. मी वर्गाबाहेर येऊन गडू घेतला. म्हैस, वगार दोन्ही बरी आहेत ना विचारलं. हाव म्हणाली. ती काही रागावलेली दिसली नाही, आणि तिथंच मी गप्प बसायला हवं होतं. पण पाच दिवस माझ्या मनात एक गोष्ट घोळत होती आणि ती मला कुणाकडून तरी ऐकायची होती.

मी म्हणालो, "पण मावशी, कसंही झालं तरी म्हैस आली ती बारवेतल्या आवाजामुळंच. म्हणजे आवाजात काही तरी होतं ना?"

तिनं रिकामं फडकं घडी घालून कमरेला खोचलं.

"व्हतं की," ती म्हणाली. "सगळ्या ढोरायच्या घंटा व्हत्या. गुर्जी, तुमी लई हुशार हाव, पन तुमची समदी हुशारी दुसऱ्याच्या म्हशीच्या जिवावर हाये."